नव्या डब्यांमागचा जुना ढोल

मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नव्हे. मोबाइलच्या टॉवरवर परातीएवढा, पांढरा, गोल असा जो दिसतो, तो. मित्रांनो, बोलण्याआधी मोजदाद करून घेऊ, म्हणजे पुढे घोटाळा नको. मोहदरी गावच्या टॉवरवर आजच्या घडीला तीन लांबट पेट्या आहेत, त्या ४जीच्या. त्यांच्या वर तीन चौकोनी नवे डबे आहेत, ते ५जीचे. एक तांबडा दिवा आहे, एक वीज झेलणारी सळी आहे, साळुंकीचं एक रिकामं घरटं आहे. आणि ढोल एक. तो मी.

पेट्या आणि डबे तुमच्या फोनशी बोलतात. मी फोनशी कधीच बोलत नाही. मी फक्त आर्वीच्या टॉवरवर बसवलेल्या माझ्यासारख्याच दुसऱ्या ढोलाशी बोलतो. तो माझ्यापासून सतरा किलोमीटरवर आहे. गावातला प्रत्येक फोन जे काही पाठवतो ते आधी पेट्यांकडे येतं, पेट्यांकडून माझ्याकडे, माझ्याकडून आर्वीला आणि तिथून केबलनं जगात. परत येणारं सगळं याच वाटेनं येतं. मोहदरीला दुसरी वाट नाही. बंद पाकिटातलं तुम्हाला कसं कळतं, असं मात्र विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सूट असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून माझी खोलगट परात केली आणि तिच्यावर पांढरं झाकण ताणून बसवलं. मग ट्रकमधून आर्वी, आर्वीहून जीपमधून मोहदरी आणि दोरानं वर. मला बसवलं तो दिवस मला चांगला आठवतो. एक माणूस माझ्याजवळ पट्टा बांधून लटकला होता, दुसरा आर्वीच्या टॉवरवर होता, आणि दोघं फोनवर भांडत होते.

"जरासा डावीकडं घे. अजून. अजून. अबे थांब, गेला! मांगं घे."

"मांगंच घेऊन राह्यलो ना! तूच हलून राह्यला तिकडं."

माझी नजर केसभर जरी सरकली तरी सतरा किलोमीटरवर ती दुसऱ्याच शेतात पडते. दुपारपर्यंत दोघांनी आम्हा दोन ढोलांना समोरासमोर आणलं, बोल्ट आवळले आणि ते उतरून गेले. तेव्हापासून मी एकाच दिशेला बघतो आहे.

त्या वर्षी गावात ४जी आलं. माझं खूप कौतुक झालं. बुद्धविहाराच्या पलीकडच्या घरातल्या तानाबाईंनी वर्ध्याला पिपरी मेघेत खोली करून बी.एस्सी. शिकणाऱ्या आपल्या मुलीला, नंदिनीला, पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं. तेव्हा तानाबाईंची नजर शाबूत होती. "केसाले तेल लावत नाई का वं?" हे त्यांचं पहिलं वाक्य. ते माझ्यातून गेलं.

माझ्यातून एका सेकंदात नव्वद मेगाबिट माहिती जाऊ शकते. तो माझा आकार आहे. तो ओरडून वाढत नाही आणि हार घालूनही वाढत नाही. तेव्हा गावात फोन थोडे होते, म्हणून नव्वद म्हणजे ऐसपैस वाटायचे. पुढे घरटी दोन-दोन, तीन-तीन फोन झाले. माझ्यावर धूळ बसली, एका बोल्टला गंज चढला. वर कोणी आलं नाही. गावातल्या लोकांना तर टॉवरवर ढोल आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना पेट्या दिसायच्या.

मागच्या दिवाळीनंतर मात्र माणसं वर आली. मी मनात म्हटलं, चला, आठवण झाली. त्यांनी तीन नवे डबे बसवले, जुन्या वायरींशेजारून नव्या वायरी सोडल्या, माझ्याकडे पाहिलं न पाहिलं आणि ती उतरली. खाली मंडप पडला. फलकावर लिहिलं होतं, 'मोहदरी आता सुसाट!' विहार समितीचे अध्यक्ष भैयाजी बोलायला उभे राहिले. भैयाजी आर्वी डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे वाहक. त्यांनी माइक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पुढं सरका, पुढं जागा हाय." त्या दिवशीही तेच म्हणाले. मग पेढे वाटले गेले. फोनच्या कोपऱ्यात जिथं चार दिसायचं तिथं पाच दिसू लागलं आणि लोक तो आकडा एकमेकांना दाखवू लागले.

मी गोंधळलो. पाच आलं म्हणजे मीही बदललो असेन, असं मला वाटलं. मी स्वतःला तपासलं. नव्वदच. आर्वीच्या ढोलाला विचारलं. तो म्हणाला, मलाही कोणी काही केलेलं नाही. मग नवीन काय झालं?

कापसाच्या हंगामात बाजार समितीत जसं असतं तसं हे होतं. पूर्वी बैलगाड्या यायच्या, आता ट्रॅक्टर येतात, घरून फाटकापर्यंत भरधाव येतात. पण आत वजनकाटा एकच. फाटकाबाहेर रांग तेवढीच, उलट थोडी जास्तच. पण मी हे कोणाला सांगणार? नवे डबे तर एवढ्या खात्रीनं सगळ्या फोनांना पाच, पाच, पाच सांगत होते, की माझाच माझ्या आकड्यावर विश्वास राहीना.

माझ्यासारखे गोंधळलेले खालीही होते. टॉवरच्या कुंपणाशी रत्नदीपचं मोबाइलचं दुकान आहे. तिथलं बोलणं मला रोज ऐकू येई.

"रत्नदीप, माह्या फोनवर गाणं अजूनही गोल-गोल फिरून राह्यलं," भैयाजी म्हणायचे.

"फोन बदला, भैयाजी. फोन जुना हाय."

"अबे, तूच तं देल्ला दिवाळीत!"

"मंग गाणं जुनं असन," रत्नदीप म्हणायचा. "पाच म्हंजे पाच. चारापेक्षा जास्तच राह्यते ना? यात समजण्यासारखं काय हाय!"

आता नंदिनीचं सांगतो, कारण माझी खरी परीक्षा तिच्यामुळे झाली.

तानाबाईंना काचबिंदू झाला. डाव्या डोळ्याची नजर गेली आणि उजव्याची जितकी उरली तितकी टिकवायची तर दिवसातून तीन वेळा थेंब पडायला हवे होते. तानाबाई घरात एकट्या. स्वतः थेंब टाकायला जात तेव्हा तो गालावर पडे, आणि पडला की नाही हे त्यांना कळतही नसे. म्हणून शिक्षण झाल्यावर नंदिनी वर्ध्याची खोली सोडून घरी आली होती. त्याच महिन्यात तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले रक्ताचे फोटो कंपनी पाठवते, आपण त्यातल्या पेशी तपासून खुणा करायच्या आणि फोटो परत पाठवायचे. फोटो एवढे जड, की एकेक पाठवताना माझा घाम निघतो.

कंपनीच्या इला मॅडमचा फोन आला.

"नंदिनी, घरून काम करायला माझी हरकत नाही. पण अट आहे. अपलोड, म्हणजे तुमच्याकडून पाठवायचा वेग, किमान आठ मेगाबिट. तुमच्या रोजच्या जागेवरून, कामाच्या वेळेत. मी इकडून बघत असेन. नाही जमलं तर एक तारखेपासून पुण्याला यावं लागेल."

"मॅडम, आमच्या गावात ५जी आलंय."

"मग प्रश्नच नाही."

दोघींनाही हायसं वाटलं. एका आकड्यावर दोन शिकलेल्या मुली निश्चिंत झाल्या आणि ते बोलणं वाहून नेणारा मी काळजीत पडलो.

फोन ठेवल्यावर तानाबाई म्हणाल्या, "पुण्याले जायची वेळ आली तं जाजो. मी टाकीन थेंब. चुकला तं चुकला."

"चुकला तं नजर जाते, आई."

"मंग एक डोळा झाकून जग पाह्यलं, आता दुसराबी झाकीन." त्या हसल्या. नंदिनी हसली नाही.

चाचणी शुक्रवारी अकराला ठरली. बातमी गावभर झाली आणि सगळा गाव नंदिनीच्या मदतीला धावला. मित्रांनो, मोहदरीची माणसं प्रेमळ आहेत, हे मी पस्तीस मीटरवरून पाहत आलो आहे. म्हणूनच पुढे जे झालं ते झालं.

भैयाजींनी ठरवलं की नंदिनीनं घरी बसायचंच नाही. टॉवरला लागून विहाराची अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं तिथं अभ्यास करतात. तिथलं एक टेबल पुसून अगदी टॉवरच्या पायाशी असलेल्या खिडकीत ठेवलं. "नळाजवळ पाणी जास्त, टॉवरजवळ रेंज जास्त," भैयाजी म्हणाले, "इथंच बस." पण पेट्यांची आणि डब्यांची नजर लांबवर, शिवारापर्यंत फेकलेली असते. बरोबर पायाशी त्यांचं फार थोडं पोचतं. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो आमच्याकडेही असतो.

अकरा वाजले. टेबलाभोवती माणसं, खिडकीत माणसं, बाहेर ओट्यावर माणसं. नंदिनीनं लॅपटॉप उघडून फोनच्या नेटला जोडला, इला मॅडमचा चेहरा आला. तेवढ्यात बाहेर रत्नदीपला उत्साह आला.

"अरे, पोरीची परीक्षा सुरू झाली! सगळ्यायनं आपापला स्पीड पाहा रे! ज्याचा सगळ्यात जास्त, त्याच्या फोनले काच फुकट!"

वेग मोजणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. फोन जेव्हा वेग मोजतो तेव्हा तो जितकं ओढता येईल तितकं ओढतो. विहिरीला पाणी किती आहे ते बघायला एकाच वेळी साऱ्या गावानं मोटर सुरू करावी, तसं. त्रेचाळीस फोनांनी एकदम मला ओढलं. मी नव्वदच्या नव्वद दिले. कोणाला एक मिळाला, कोणाला दोन, रस्त्यावर थोडं लांब उभ्या रत्नदीपला एकवीस. आणि नंदिनीच्या वाट्याला?

इला मॅडमचा चेहरा थिजला. तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं. "तुमचा... तुट... नंदि..." एवढंच आलं. पडद्यावर अपलोडचा आकडा आला, शून्य पूर्णांक सहा. मग पडदा काळा झाला.

"काय झालं वं?" भैयाजींनी विचारलं. "एवढा स्पीड असून?"

"माह्या फोनवर तं एकवीस आला!" बाहेरून रत्नदीप ओरडला. "काच मलेच लागली!"

नंदिनीनं लॅपटॉप मिटला. थोड्या वेळानं इला मॅडमचा निरोप माझ्यातून खाली आला. सोमवारी अकराला पुन्हा एकदा बघू, त्यानंतर नाही.

शनिवारी नंदिनी फोन हातात घेऊन गावभर फिरली. तिला चीड आली नव्हती, तिला कोडं पडलं होतं. टॉवरच्या पायाशी एक, शाळेच्या भिंतीशी सहा, घरात दोन. टॉवरपासून लांब गेल्यावर वेग वाढतो, हे तिला पटेना. मग घरात बसल्या-बसल्या फोन आपोआप पाचवरून चारवर उतरला आणि आकडा वाढला. तिनं तो पुन्हा पाचवर नेला, आकडा पडला. पुन्हा चारवर आणला, वाढला. नव्या डब्यांच्या लहरींना जाड भिंती सोसत नाहीत, जुन्या पेट्यांच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, हे मला ठाऊक होतं. तिनं सेटिंगमध्ये जाऊन फोन कायमचा चारवर ठेवला.

रत्नदीपला कळलं तेव्हा त्याचा जीव खालीवर झाला. "पाच सोडून चारावर? गाव काय म्हणन!"

"गाव काय म्हणायचं ते पाचवर म्हणन," नंदिनी म्हणाली. "मी चारवर ऐकीन."

पण चारवरही घरात आकडा कधी सात, कधी तीन, कधी पाच. का, ते तिला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी विहारात वंदना असते. इथली रीत अशी की दारात एक टोपली ठेवलेली असते. येणारा प्रत्येक जण फोन बंद करून त्यात ठेवतो आणि मग आत जातो. नंदिनी त्या दिवशी गेली नव्हती. आईच्या डोळ्यात थेंब टाकून, ते जिरेपर्यंत त्यांना डोळे मिटून पडायला सांगून, सवयीनं तिनं वेग मोजला. चौदा पूर्णांक आठ. तिनं पुन्हा मोजला. चौदा पूर्णांक पाच. वंदना संपली, माणसं टोपलीतले आपापले फोन उचलून चालू करत घरी निघाली, तेव्हा तिनं तिसऱ्यांदा मोजला. पाच पूर्णांक एक.

ती अंगणात आली आणि टॉवरकडे बघत राहिली. तिनं बोटांवर मोजलं, तीन पेट्या, तीन डबे. मग बोट माझ्यावर थांबलं. मला बसवून इतकी वर्षं झाली, पण गावातल्या कोणी माझ्याकडे बोट दाखवण्याची ती पहिलीच वेळ.

"आई, वर ढोल एकच हाय," ती म्हणाली. "सगळं गाव त्याच एकातून जाते."

दुपारी तिनं हे भैयाजींना समजावलं. वजनकाट्याचा दाखला तिनं दिला नाही, तो भैयाजींनीच काढला, कारण त्यांनी कापूस विकलेला आहे. आणि लगेच त्यांना तोडही सुचली.

"मंग सोपं हाय. उद्या भोंग्यावरून सांगतो. अकराले साऱ्यायचे फोन टोपलीत. मी डबल बेल मारेपर्यंत कोणी चालू करायचा नाई."

"अन् परवा, भैयाजी?"

"परवाचं परवा पाहू."

"अन् तेरवा?"

भैयाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. रत्नदीप म्हणाला, "५जी चालावं म्हणून गावानं फोन बंद ठेवायचे? मंग मी दुकान काऊन उघडं ठेवू?"

घरी आल्यावर तानाबाई मुलीला समजावू लागल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या पहिल्यांदाच काही मागत होत्या. "नंदे, एक दिवस फोन बंद ठेवले तं काय बिघडते? मॅडमले काय दिसते तिथून? तू इथं राह्यशीन. मले तेवढंच पाह्यजे."

नंदिनीलाही तेवढंच हवं होतं.

"मॅडमले नाई दिसणार, आई. पण मंगळवारी एखादा फोटो मधातच अडकला तं? कोणाच्या तरी रक्ताचा राह्यते तो. तिकडं डॉक्टर वाट पाहून राह्यला असन." मग ती म्हणाली, "तुह्या थेंबाची बाटली दुकानात संपली, अन् दुकानदारानं रिकामी बाटली देल्ली भरल्यासारखी, तं?"

तानाबाईंनी उशाशी ठेवलेली थेंबांची बाटली चाचपली. मग म्हणाल्या, "भैयाजीले सांग, बेल मारू नको म्हणा."

नंदिनी सांगून आली. तिनं लोकांकडे एकच मागितलं. सोमवारी सगळ्यांनी रोज करता तेच करा. गाणं ऐकणाऱ्यानं गाणं ऐका, भाव बघणाऱ्यानं भाव बघा. फक्त कोणी वेग मोजू नका.

मित्रांनो, माझी गोष्ट इथं संपत आली. सोमवारी काय झालं ते सांगण्याआधी एक विनंती करतो. नव्या वस्तूला जरूर हार घाला, पण ती वस्तू कशाच्या आधारानं उभी आहे ते एकदा वाकून बघा. तुमच्या फोनच्या कोपऱ्यातला आकडा हे फक्त नाव आहे. काम किती झालं ते मोजूनच कळतं, आणि मोजायचं तर रोज जसं असतं तसंच ठेवून मोजायचं. आणि जे जुनं अजून काम करतं आहे त्याचा बोल्ट वर्षातून एकदा तरी कोणीतरी आवळावा. मी पाच आहे की चार, हे मला आजही सांगता येत नाही. मी नव्वद आहे, एवढं सांगता येतं.

सोमवारी अकराला ऊन स्वच्छ होतं. नंदिनी घरातच, खाटेशेजारच्या टेबलाशी बसली होती, फोन चारवर. तानाबाई खाटेवर, नुकतेच थेंब पडले म्हणून डोळे मिटून. माझ्यातून भैयाजींचं गाणं चाललं होतं. हिंगणघाटच्या गिरणीत कामाला असलेल्या बापाशी त्याचं लेकरू बोलत होतं. दोघंतिघं आर्वीचा कापसाचा भाव बघत होते. रत्नदीप एका गिऱ्हाइकाला नव्या फोनचा व्हिडिओ दाखवत होता. शिवारात गेलेल्यांचे फोन खिशात होते. सोमवारी अकराला मोहदरीत जे असतं ते सगळं होतं.

"अपलोड आठ हवा. सुरू करा," इला मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज तुटला नाही.

नंदिनीनं बटण दाबलं. पडद्यावरचा काटा चढला, थोडा खाली आला, पुन्हा चढला आणि थांबला.

"किती वं?" तानाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

नंदिनीनं आकडा मोठ्यानं वाचला. डाउनलोड एकोणीस पूर्णांक चार. अपलोड आठ पूर्णांक दोन.